पटाची वही

आमच्या दावणीला कधी बैल नव्हता.
मुळात दावणच नव्हती.
तरी माघात शंकरपट भरला की
डोमाजी शिंपी, म्हणजे आमचे बाबा,
मशीनवर चादर टाकत,
पीटी मास्तरांचं स्टॉपवॉच मागून आणत
आणि मापाची वही घेऊन निघत.
मागे मी, सायकलच्या कॅरिअरवर.

जागा धरायची तर उजाडायच्या आत.
खाली धानाची खुंटं टोचत,
तर्रीपोहे कागदातून गळत,
आणि भोंगा सारखा:
"पोट्टेहो, दाणीतून बाजूले व्हा,
बैलाले ब्रेक नसते!"

जोडी गेली की वही उघडे.
शेवंताबाईचं पोलकं, छाती चौतीस.
त्याच्याच खाली
पाखऱ्या-लखन, सात सेकंद ऐंशी.

त्या साली शेवटच्या जोडीला लाईन गेली.
वरचं घड्याळ काळं.
धूळ बसायच्या आत दोन गावं तुतारीवर आली.
मग भोंगा खाकरला, बॅटरीवर:
"डोमाजी शिंपी असतील तिथून मंडपात या.
तुमच्या वहीत काय हाये?"

एवढी माणसं
माप द्यायचं नसताना
बाबांसमोर गप्प उभी.

बाबांनी वही उघडली. मिटली.
"मीबी उभा राहून वरडत होतो, भाऊ.
बटन दाबाचंच रायलं."

आधी एक म्हातारा हसला,
मग अख्खा पट.
जोड्या दुसऱ्या दिवशी पुन्हा पळाल्या.
कोण जिंकलं, आठवत नाही.

वही माझ्याकडे आहे.
त्या पानावर बैलांची नावं,
पुढे कोरी जागा,
आणि धुळीचा एक अंगठा.