ज्याचं त्याला

कॉलेज बंद झाल्याचं मला
व्हेंडिंग मशीन भरणाऱ्या माणसाने सांगितलं.
मार्चची सुट्टी, पोरं आपापल्या गावी,
सुपीरिअर सरोवरावर बर्फ अजून माणसाला पेलेल इतका.
परत येऊ नका, सामानाचं कळवू,
एवढाच मेल गेला म्हणे सगळ्यांना.
बावीस वर्षं मी या इमारतीच्या फरशा पुसल्या.
मला मेल नाही आला.
मला चाव्यांचा जुडगा आला आणि सहा आठवड्यांचं काम:
तीन मजले, एकशे बारा खोल्या,
ज्याचं त्याला.

नियमांचा कागद होता.
अन्न फेका. औषधं वेगळ्या पिशवीत. लिहिलेलं काही वाचू नका.
हीटर दुरुस्त करणारा रॉयस लिंडक्विस्ट आता
खोक्यांना टेप लावत होता, दर खोक्यामागे एक शिवी.
त्याचा पगार मे अखेरपर्यंत. माझाही.
त्यावर आम्ही बोललो नाही.
टेपवर बोललो, की स्वस्तातली आणलीय, चिकटत नाही.

उशांना डोक्यांचे खळगे तसेच.
एकीच्या टेबलावर कागदी कपात घेवड्याचं रोप;
नियमात रोपाचं काही नव्हतं, मी पाणी घातलं.
एकाची दातांची तार डबीत राहिलेली,
म्हणजे तिकडे घरी त्याचे दात
हळूहळू जुन्या जागी निघाले असतील.
मारिसेला किन्तानार, लारेडो, टेक्सास:
नऊ हातमोजे, त्यांत एकही जोडी नाही.
नऊच्या नऊ भरले.

लिहिलेलं वाचू नका. बरं.
पण भिंतीवर कॅलेंडर, नऊ एप्रिलला लाल गोल,
आत एकच शब्द: सांगायचं.
मी ते गुंडाळून सगळ्यात वर ठेवलं,
खोकं उघडताच दिसावं म्हणून.
पोचेपर्यंत तारीख उलटणार हे कळत होतं.

संध्याकाळी गाडी काढताना वर बघायचे.
अख्खी इमारत काळी
आणि तिसऱ्या मजल्यावर एक खिडकी पिवळी.
पहिल्या दिवशी छातीत धस्स झालं, चाव्या घेऊन वर गेले.
टेबलावर दिवा, दिव्याला टायमर. बस.
पलंगावर चादर ताणून बसवलेली,
चपला भिंतीशी समांतर.
ती खोली मी शेवटी ठेवली.

फॉर्मवर सगळ्यांनी घरं लिहिली होती,
रस्ता, गाव, पिनकोड, एकाने तर कुत्रा चावतो असंही.
३०८च्या जोना थेरियोने
कायमचा पत्ता या रकान्यात लिहिलं होतं:
हीच इमारत. खोली ३०८.
आईवडील: एक रेघ.
पट्टी लावून आखलेली.

रॉयस बघत राहिला, टेपचं टोक दातांत.
"मग हे पाठवायचं कुठं?"
ऑफिसला विचारलं. ऑफिसात फोन नुसता वाजत राहिला.
जोना सापडला आठवड्याने,
डुलूथला कुणाच्या तरी सोफ्यावर.
"ठेवा तिकडेच," म्हणाला, "येईन."
तिकडे म्हणजे कुठे, मी विचारलं नाही.

तीन खोकी माझ्या गॅरेजात आहेत,
बर्फाच्या फावड्यांशेजारी,
ओल लागू नये म्हणून फळ्यांवर.
दिवा मात्र भरला नाही.
स्वयंपाकघराच्या खिडकीत लावलाय.
मार्चमध्ये घड्याळं तासभर पुढे गेली,
त्याला कुणी सांगितलं नव्हतं,
आणि इथे आणताना वाटेत वीस मिनिटं थांबला तो.
त्याच्या सहाला आमचे सातवीस होतात.
आता जुलै. बाहेर लख्ख ऊन
आणि हा लागतो.
टायमरची चकती फिरवणं एका बोटाचं काम आहे.
फिरवत नाही.
नोव्हेंबरात घड्याळं मागे येतील
तेव्हा तो बरोबर असेल,
वीस मिनिटं सोडून.