सात किंवा आठ

निहारच्या माळावर सूर्य बुडाला तरी
प्लास्टिकच्या मांडवांचा पांढरा उजेड बराच वेळ विझत नाही.
सायकली येतात, भिंतीला टेकतात.
जुन्या कापडदुकानाच्या तळघरात
ओब्दूलिया ओल्या फडक्याने फळा पुसते
आणि बोटांना ढोबळ्या मिरचीच्या पाल्याचा वास असलेली
अकरा माणसं
पोराटोरांच्या बाकांत गुडघे दुमडून बसतात.

आजचा पाठ: जोडणारे शब्द.
आपल्या व्याकरणात त्यांना अव्यय म्हणतात,
म्हणजे ज्यांना काही होत नाही.
इथे होतं.
इथे 'आणि'ला म्हणतात ई,
पण पुढच्या शब्दाच्या तोंडी इ असली
की ही आपली ए होते,
अरुंद जिन्यात समोरून कुणी आलं
की आपण अंग चोरतो, तशी.

"पाद्रे ई इखो," बिराने वाचतो.
बाप आणि मुलगा.
"ए इखो," ओब्दूलिया म्हणते,
"नाहीतर एक दुसरीला गिळते."
बिराने चारदा म्हणून बघतो.
मुलगा काओलाकला, सहा वर्षांचा,
बाप त्याने फोनच्या काचेतच पाहिलेला.
दोघांच्या मधे ए.
एवढंसं अक्षर, खाली केवढं पाणी.

'किंवा'चंही तेच. ओ.
पण पुढे ओ आला की ऊ.
"सांगा कुणीतरी उदाहरण."
मागच्या बाकावरून बाकारी,
जो कधीच बोलत नाही:
"बोटीत आम्ही होतो सिएते ओ ओचो दिवस."
"ऊ ओचो," ती म्हणाली,
हात सवयीने फळ्याकडे गेलासुद्धा.
पस्तीस वर्षं शिकवून असं झालंय,
चूक आधी ऐकू येते,
वाक्य मागाहून.

खडू तिथेच थांबला.
बाकारी वहीत ऊ काढत होता, गोल, सावकाश.
मग मान वर करून विचारलं,
"सात की आठ, नक्की आठवत नसेल
तरी ऊच ना?"
"तरी ऊच."

पुढचं पान. आउनके.
पुस्तकातलं वाक्य: पाऊस आला तरी मी येईन.
सगळे हसले. इथे कुठला पाऊस!
इथे पाणी नळीतून, थेंब मोजून,
तेही टोमॅटोला.
ओब्दूलिया हसली, जरा उशिरा.

सिनोवर मात्र तुरियाने वाद घातला.
हे नव्हे, तर ते. इतपत कळलं.
पण तिला मुकादमाला सांगायचंय,
मी आळशी नाही, दमलेय.
"दुसरं क्रियापद आलं," बाई म्हणाल्या,
"आता नुसतं सिनो पुरत नाही, मागून के लाव."
"मी के लावेपर्यंत," तुरिया म्हणाली,
"तो पुढच्या ओळीत गेलेला असतो."

गृहपाठाला एकच वाक्य, अर्धं:
मी इथे आलो, कारण...
पोरके. पुढचं तुम्ही लिहा.

गुरुवारी अकरा वह्या.
दोइनाने दोन पानं भरलीत,
भावजयीच्या भांडणासकट.
बिरानेने मुलाचं नाव लिहिलंय, बाकी काही नाही.
बाकारीच्या वहीत
पोरके
आणि पुढे टिंब.

हे वाक्य होत नाही.
जोडणाऱ्या शब्दाला पलीकडे कुणीतरी लागतं,
हे तिनेच सांगितलं होतं, दोनदा अधोरेखित करून.
लाल पेनाचं टोपण काढते, लावते, काढते.
वर रस्त्यावर लेव्हान्ते सुटलाय,
लांबवर कुणाचंतरी प्लास्टिक फडफडतंय.
शेवटी ती त्या टिंबाला
खाली बारीकशी शेपटी काढते.
पोरकेच्या पुढे स्वल्पविराम येत नाही,
तिला ठाऊक आहे.
वही मिटते,
पुढची घेते,