आकसायला सोडलेली जागा

रविवारी रात्री, पॅटर्नच्या मापांच्या वहीत
मागच्या पानापासून उलटा लिहीत येतो मी
काकवीचा आठवडा.
पुढून येतात पंपांची केसिंगं, पुलीचे व्यास,
मागून ती.
डिसेंबरपर्यंत कुठंतरी मध्ये गाठ पडेल.

सोमवार. उद्यमनगर बंद.
पाचगावचा माळ, सहाला, दव असताना;
दवात वास खाली बसून राहतो.
तिला बसवायची. दस्तगीर साठ पावलांवरून
हुर्र करून डमी फेकणार.
मी मनात पाच मोजायचे,
मगच तिचं नाव घ्यायचं.
नाव हीच परवानगी, दुसरा शब्द नको.
चार फेऱ्या. पाचवी तिला हवी असतानाच
शिट्टी खिशात.

डमी घरचाच. फायर ब्रिगेडच्या जुन्या होजचा तुकडा,
आत थर्माकोल, टोकं वादीनं शिवून दिली
सुभाषनगरच्या आक्काताई सातपुतेंनी.
वेणी घालता घालता म्हणाल्या,
"चावून तुकडं करंल की ओ."
चावायचं नाही, आणायचं, म्हटलं.
"मग त्यात कुत्र्याला काय मिळतंय?"

मंगळवार. नुसते हात.
उजवा, तर उजवीकडं. डावा, तर डावीकडं.
सरळ वर उचलला तर मागं, अजून मागं,
जिथं काय ठेवलंय ते तिनं बघितलेलंच नाही.
दस्तगीर म्हणाला, "माणूस तरी जातंय का गा,
नुसत्या हातावर?"
मी ओढ्याकाठच्या घाणेरीमागं डमी लपवून आलो.

बुधवार, गुरुवार: डिलिव्हरी. रिकामे.

शुक्रवार. पाणी.
गिरगावच्या वाटेवरची दगडाची खण.
काकवी पाण्याला भीत नाही, हिशेब करते.
डमी पलीकडं पडला की
एकदा पाण्याकडं बघते, एकदा काठाकडं,
आणि काठाकाठानं सुटते.
येते ती तोंडात डमी, अंग कोरडं,
शेपूट अशी, जणू कुस्ती मारून आली.
तिला कसं सांगायचं
की डमी आम्हाला नकोच आहे मुळात,
ती रेघ हवी आहे,
पाण्यावरून तिच्या नाकानं ओढलेली,
ओढता ओढता मिटणारी.

लोखंड थंड होताना आकसतं.
म्हणून लाकडाचा पॅटर्न मोठा ठेवतात,
फुटामागं इंचाचा आठवा भाग.
माझी पट्टी वडिलांची आहे,
तिच्यावरचा फूट मुळातच फुटापेक्षा मोठा.
माळावरचं शिकणंही पाण्यात आकसतं.
ऐंशी पावलं सरळ जाणारी ही
खणीत तीस जाते.
तर माळावर एकशे वीस करून घ्यावीत,
हे मला चाळीस वर्षं ठाऊक होतं,
वहीच्या दुसऱ्या टोकाला.

लिहिलं: कोपऱ्यात उभं राहायचं नाही, मधोमध.
पंधरा फूट फेक, जमलं तर पंचवीस.
ओरडायचं नाही.
चुकली तर अंतर चुकलं, ती नाही.

शुक्रवारी दस्तगीरचा हात सैल सुटला,
डमी गेला पार मध्यावर.
काकवीनं काठाकडं बघितलं. मग माझ्याकडं.
माझा हात वर होता की नव्हता, आता सांगता येत नाही.
ती उतरली. सरळ.
डोकं पाण्यावर, मागं दोन पाती उघडत गेलेली,
डमीपर्यंत गेली, डमीच्या पुढं गेली,
वळली,
आणि कुणा पोराची एक चप्पल घेऊन आली,
अंगठा तुटलेली.
दस्तगीर हसत खाली बसला.
मी गुडघ्यावर टेकून ती दोन्ही हातांनी घेतली,
पाहुण्याकडून फळं घ्यावी तशी.

वहीत: रेघ सरळ. वस्तू चुकली.
बरोबरची खूण करायची की फुली, ठरेना;
पेन्सिल तासत बसलो.

शनिवार. आराम.
कान आतून कोरडे करणे.
डमी अजून खणीतच आहे.