चुन्याचं काम

ओहोटी लागली की पिएदाद
चिखलीच्या गाळात गुडघाभर उतरते
आणि पायाच्या बोटांनी चाचपते.
इथे डोळ्यांना काम नाही.
गोल, फुगीर लागला तर खुबा, टोपलीत.
सपाट लागला, बशीसारखा,
तर पुन्हा तिथेच, आडवा.
ते काढायचे नाहीत आता, बंदी आहे.

मी विचारलं, आत काय करत असतो तो दिवसभर?
म्हणाली, भिंत बांधतो. दुसरं काय येतं त्याला?

हात नाहीत, थापी नाही, ओळंबा नाही.
अंगाभोवती मऊ झालर तेवढी.
जुवारीच्या पाण्यात विरघळलेला चुना,
जो दिसत नाही, जिभेला लागत नाही,
तो वेचून ती काठाशी आणते.
आधी एक पापुद्रा विणते, साईहून पातळ,
मग त्याच्या घरांत कण बसवते,
एकाच दिशेला तोंड करून,
मिस्साला बसल्यासारखे.
भरतीला थोडं. ओहोटीला तोंड मिटून स्वस्थ.
पावसाळ्यात नदी गोडी होते, तेव्हा काम बंद;
त्या सुट्टीची रेघ राहते पाठीवर.
पिएदाद नखाने मोजते:
दोन पावसाळे. पोर आहे अजून.

तिच्या खिडकीला काच नाही,
हेच सपाट शिंपले आहेत, चौकोनी कापून
लाकडी पट्ट्यांत सरकवलेले.
सासऱ्याच्या आजाने बसवले.
दुपारी तीनला त्यांतून ऊन येतं
ताकाच्या निवळीच्या रंगाचं,
शिवणयंत्रावर पडतं.
डाव्या झडपेत दोन घरं रिकामी,
तिथे बिस्किटांच्या खोक्याचा पुठ्ठा.

वास्कोच्या डॉक्टरने तिच्या हाडांचा फोटो
उजेडाकडे धरला: बघा, इथे विरळ.
इथे तर जाळीच.
रोज एक गोळी.
डबीवरची बारीक अक्षरं नातीने वाचली:
शिंपल्याच्या चुन्यापासून तयार.

पिएदाद इतकी हसली की ठसका लागला.
चाळीस वर्षं मऊ तेवढं खाल्लं,
टणक फेकलं माडाच्या आळ्यात.
उलटं खायला हवं होतं गो!

नात, लिझेट, कॉलेजात शिकते. म्हणाली,
समुद्र आंबट होत चाललाय, व्होडले माय,
पुढे यांना कवच धरणं जड जाईल.
आंबट?
पिएदादने दुसऱ्या दिवशी बोट बुडवून चाखलं.
खारटच होतं.

पण रात्री तिने माडाच्या विनागराच्या वाटीत
खुब्याचं एक टरफल टाकलं.
बारीक बुडबुडे निघत राहिले,
कुणी आत श्वास घेत असल्यासारखे.

सकाळी बाहेर काढलं.
रेघा पुसल्या होत्या.
काठ इतका झिजला होता
की बोटाची सावली आरपार दिसत होती.
ती बराच वेळ बोट हलवत राहिली.

मग गोळी गिळली, पाण्याशिवाय,
आणि ओरडून विचारलं शेजारी,
आज सुकती कितीला?