चौदा डझनांचा ग्रोस

व्हेंझल रुझिच्का गावात आला तेव्हा त्याच्याकडे
पायानं फिरवायचं एक लेथ होतं
आणि इंग्रजीतले चाळीसेक शब्द,
त्यातले निम्मे शिव्या.
मिसिसिपीच्या गाळात गुडघाभर उतरून
त्यानं एक शिंपला काढला, उन्हात तिरका धरला,
आणि म्हणाला म्हणे, ह्यात शर्ट आहेत.

लोक हसले.
त्या शिंपल्यांतल्या मांसावर आम्ही डुकरं पोसत होतो.

पुढचं सगळ्या गावाला पाठ आहे :
घड्याळ गहाण, गोठ्यात पहिली चार यंत्रं,
मग तीन मजली विटांची इमारत, मग भोंगा,
भोंग्याला उठणारं, भोंग्याला जेवणारं गाव.
शिकागोच्या दुकानात पुठ्ठ्यावर शिवलेली आमची नदी,
डझनाला दहा सेंट.

मी निवडीच्या टेबलावरून वर गेले, वहीकडे.
अक्षर चांगलं होतं, तोंड बंद होतं.
ग्रोस म्हणजे बारा डझन, हे शाळेत शिकले.
ग्रोस म्हणजे चौदा डझन, हे रुझिच्काकडे.
कापणाऱ्यांकडून चौदा घ्यायचे, मजुरी बाराची द्यायची.
"तुटफूट," तो म्हणायचा, "तुटफूट धरावी लागते."
ती तुटफूट मी अठरा वर्षं
निळ्या शाईनं धरली.
खाली करवतीवर माझी बहीण लव्हिनिया.
तिची तुटफूट, उजव्या तर्जनीचं एक पेर.
त्याला वहीत रकाना नव्हता.

वाईट माणूस होता, असंही मला म्हणता येत नाही.
संप झाला तेव्हा त्यानं बाहेरून बंदूकवाले आणले.
त्याच हिवाळ्यात पोरांचे घसे धरले,
तर रात्री स्वतः घोडे हाकत गेला, डॉक्टर घेऊन आला,
संपकऱ्यांच्या गल्लीतसुद्धा.
ते पैसे कुणाच्या पगारातून कापले नाहीत.
मला माहीत आहे. वही माझ्याकडेच होती.

मग नदी रिकामी झाली.
नावा दिवसभर तळ खरवडून यायच्या, आकड्यांना नुसता चिखल.
ऐंशी वर्षांचा रुझिच्का धक्क्यावर बसून राहायचा,
नातवानं दिलेल्या जाकिटात.
जाकिटाला झिपर होती.

आता बँकेच्या भिंतीवर त्याच्या नावाची पाटी आहे.
माझ्या दाराशी येणारी वाट अजून त्याच शिंपल्यांची,
बटणं कापून उरलेल्या,
एकेकाला पाच-सहा गोल भोकं.
बर्फ वितळलं की भोकांत पाणी साचतं,
लव्हिनियाचा नातू उकिडवा बसून मोजतो.
काल बारा डझनांपर्यंत आला आणि हात झटकले.
मी म्हटलं,
अजून दोन.