खारकेची वही

रात्री अडीचला श्वास मोजले. मिनिटाला बत्तीस.
वहीत लिहिले. पुढे वेळ, खाली सही.
सहीची काही गरज नव्हती,
पण सातपूरच्या गेज रूममध्ये एकतीस वर्षं
सहीशिवाय कुठलाच आकडा मी खरा मानला नाही.

ती झोपेत धावते.
लादीवर आडवी, चारही पाय हवेत,
कुठे पोचायचंय कोण जाणे.
मग उचकी लागते. आज सतरा.
कोण काढत असेल हिची आठवण?
आडगाव नाक्यावर, टायरवाल्याच्या शेडमागे
हिची आई असेल अजून,
नाहीतर नसेल.

उजवा कान उभा, डावा पडलेला.
मागच्या पायाला एक नख जास्तीचं,
नुसत्या कातडीला लोंबणारं,
ड्रॉइंगमध्ये नसलेला भाग.
आणि पोटावर, बेंबीच्या जागी,
भिजवलेल्या हरभऱ्याएवढी गाठ.
दाबली की आत जाते.
बोट काढलं की परत येते.
दिवसातून नऊ वेळा दाबून बघतो.
शैलजा म्हणते, भोक पाडाल एक दिवस तिला.

कुत्र्याचं शेपूट वाकडं ते वाकडंच, असं ऐकत आलो.
हिचं सरळ आहे.
म्हणजे आता त्याचीही काळजी.

खैरनार वहिनींनी मीठमोहऱ्या ओवाळल्या.
दूधवाला म्हणाला, तूप दाखवू नका, केस जातील.
मी दाखवलं नव्हतं.
तरी रात्री तिच्या अंगावरून हात फिरवून
तळवा दिव्याखाली धरला:
तीन केस.
लिहिले.

सिडकोतल्या आमच्या घराला पूर्वेची खिडकी आहे.
डिसेंबरात निफाडकडची थंडी तिथून आत येते
आणि थेट लादीवर बसते.
माझा जुना कंपनीचा स्वेटर आता खारकेखाली असतो,
खिशावरचं नाव तिने चावून
आडनावापुरतं ठेवलंय.

शेवटी तिला घेऊन निघालो.
द्राक्षांच्या निर्यातीच्या खोक्यात, स्कूटरच्या पायाशी.
खोक्यावर छापलेलं: प्रत एक.
सिग्नलला ती मान वर काढायची
आणि शेजारचा रिक्षावाला हसायचा,
एक कान उभा, एक पडलेला बघून.
मला राग आला.
असा राग शाळेच्या फाटकाशी आला होता एकदा,
मुलाच्या जाड चष्म्याला कुणी हसलं तेव्हा.

अशोकस्तंभाच्या अलीकडे, डॉक्टर अहिररावांकडे
मी वही उघडून ठेवली. चौदा पानं.
त्यांनी दोन पाहिली.
गाठ दाबली, एकदाच.
जंताची गोळी. नख राहू द्या. कान उठेल, किंवा नाही उठणार.
गाठ भरून येईल बहुतेक,
नाही आली तर पुढे नसबंदीच्या वेळी टाका घालू.

म्हटलं, किती चालतं? म्हणजे, अधिक-उणे किती?

डॉक्टर काही बोलले नाहीत.
स्टेथोस्कोपच्या नळ्या काढून माझ्या कानात घातल्या.
आत असं काही धडधडत होतं
की मी विसाच्या पुढे हुकलो,
पुन्हा सुरू केलं, पुन्हा हुकलो.
ती माझं घड्याळ चाटत होती.

ज्याचं माप चुकलं त्याला लाल ठिपका,
अर्धा केसही फरक चालायचा नाही.
किती खोके भरले असतील लाल ठिपक्यांचे.
ते कुठे जायचे, कधी विचारलं नाही.
वितळवत असतील.

काल चपलेत दुधाचा दात सापडला.
व्हर्नियर काढला कपाटातून,
तेलाचा वास अजून तसाच.
मोजला. मग का कोण जाणे
आकडा लिहिला नाही.
दात शर्टाच्या खिशात टाकला, तो तिथेच आहे.

आज रात्री पुन्हा उठलो, अडीचला.
टॉर्च सापडेना. चाचपडत होतो,
तर अंधारातून, पाठमोऱ्या शैलजाचा आवाज:
अठ्ठावीस.
दोनदा मोजलेत.
झोपा आता.