कळ

गुरुवार, सकाळचे सात. यादीत तिसरं नाव :
मारिट हाउगेन, सदतीस आठवडे चार दिवस.
रक्तदाब माझ्यापेक्षा बरा.
बाळाचे ठोके आपल्याच नादात, मजेत.

अर्जावर एक रकाना असतो : कारण.
डॉक्टरांनी लिहिलं होतं, आईची विनंती.
खरं कारण कोपऱ्यात बसलं होतं, बूट न काढता :
ब्रॉडी. तेलविहिरीवर चौदा दिवस काम, चौदा सुटी,
सोमवारी पहाटे पाळी सुरू.
दुसरं कारण डॉक्टरांच्या गाडीत होतं, बंदुकीच्या पेटीत.
शनिवारी फेझंटची शिकार.

बाहेर नॉर्थ डकोटातला नोव्हेंबर,
सूर्यफुलांची काळी डोकी शेतात खाली घातलेली,
कापणीयंत्र बांधावर उभं.
शेतकरी मूठभर दाणे नेतो, ओलावा मोजतो,
आणि परत घरी जातो.
आज नाही, म्हणतो.

थोराने शिकवलं होतं मला, निवृत्त व्हायच्या वर्षी :
तयार नसलेलं गर्भाशयाचं तोंड
बोटाला नाकाच्या शेंड्यासारखं लागतं,
तयार असलेलं, ओठासारखं.
मारिटचं नाक होतं. घट्ट, बंद.
मी डॉक्टरांना तसं सांगितलं.
"औषधाने होईल मऊ," ते म्हणाले.
"बरं," मी म्हणाले.
हे "बरं" इथे लिहून ठेवते,
दुसऱ्या कुठल्याच कागदावर ते नाही.

मग पंप. हिरवी कळ.
दर अर्ध्या तासाने दाबायची, थेंब वाढवायचे.
माझ्या बोटाखाली एक कळ, तिच्या पोटात दुसरी.
आपणहून येणाऱ्या कळा दार वाजवतात,
मधे पाणी प्यायला वेळ देतात.
या जप्ती घेऊन आल्यासारख्या आल्या,
एक जाते न जाते तोच दुसरी उंबऱ्यात.

संध्याकाळी डॉक्टरांनी पाण्याची पिशवी फोडली.
आता मागे फिरता येत नव्हतं.
रात्री दोनला तीन सेंटिमीटर.
पहाटे पाचला तीनच.
पाच वाजून दहा मिनिटांनी ठोके एकशेचाळीसवरून
ऐंशीवर,
मी पंप बंद केला, तिला डाव्या कुशीवर वळवलं,
"मारिट, माझ्याकडे बघ," म्हणाले,
तिने बघितलं. ते मी विसरलेले नाही.

शस्त्रक्रियेच्या कागदावर आलं :
प्रसूती पुढे सरकली नाही.
जणू तीच अडून बसली होती.

मुलगा. सोरेन. सहा पौंड.
दर श्वासाला बारीक कण्हायचा,
बरगड्यांमधली कातडी आत ओढली जायची.
दुपारी रुग्णवाहिका त्याला मायनॉटला घेऊन गेली,
दोन तासांचा रस्ता, त्यावर पहिला बर्फ.
आई इथे टाके घालून, मूल तिथे काचेत.
ब्रॉडी काचेतून दहा मिनिटं बघून आला
आणि सोमवारी गेलाच.
त्याची सुटी संपली होती.

मारिटने मला एकच विचारलं,
दूध काढायच्या यंत्राकडे बघत :
"आत त्याचं काही करायचं राहिलं होतं का?"

मी फुप्फुसांबद्दल काहीतरी सांगितलं.
दिवस भरतात, असं आपण म्हणतो.
कोण भरतं ते, काय ओतून,
इतकी वर्षं या कामात असून मला माहीत नाही.

असं नव्हे की मी त्या पंपाच्या विरोधात आहे.
एकशेऐंशीवर गेलेला रक्तदाब, डोळ्यांपुढे काजवे,
तेव्हा हीच हिरवी कळ
मी देवाचं नाव घेऊन दाबली आहे,
आणि दोघं वाचली आहेत.
पण त्या गुरुवारी घरात कुठेच आग नव्हती.
एक कळ, तिच्या शेदोनशे कळा,
कळ काढणं मात्र कुणालाच जमलं नाही.
मलाही.

सोरेन नवव्या दिवशी घरी आला. बरा आहे, म्हणतात.
तिच्या पोटावरची रेघ पुढच्या बाळंतपणातही विचारली जाईल.

आज परत गुरुवार.
मी हात धुते, हातमोजा चढवते.
नाक की ओठ, ते बोट सांगेलच.
नाक निघालं तर "बरं"ऐवजी काय म्हणायचं,
ते मी गाडीत पाठ केलंय,
काचेवरचा बर्फ वितळेपर्यंत,
तीनदा, मोठ्याने.